डा. बा. व. टिटवी

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात खालची ओळ वाचायला सांगितली. टाचणीने ‘र, ग, प’ म्हणून वेळ मारून नेली. बाई भिंग बदलता बदलता सहज म्हणाल्या, “टीव्हीवर तुमच्या टिटवी जहाजावरची अक्षरं मात्र मला सोफ्यावरूनही स्पष्ट दिसतात हं. डा. बा. व. त्यातलं डा. बा. म्हणजे डावा बाहू ना?”

“काय म्हणालात?”

“डावा बाहू. आकाशगंगेला भोवऱ्यासारखे बाहू असतात ना, त्यातला. आमच्याकडे जेवताना रोज हाच वाद. आमचे हे म्हणतात, ‘डागडुजी बाकी, वर चढू नये.’ त्यांना काय, सगळ्याचीच थट्टा. बरं, आता डावा डोळा झाका.”

डावा डोळा झाकायचं राहिलं बाजूला, टाचणी ताडकन उठून उभी राहिली. तपासणीची जड फ्रेम नाकावरच होती, त्यामुळे समोर दोन-दोन डॉक्टरीणबाई दिसत होत्या. त्यातल्या एकीचा हात धरून ती म्हणाली, “बाई, तुम्ही काय केलंत ते तुम्हाला ठाऊक नाही!” आणि तशीच दाराकडे धावली. बाईंना मागून ओरडावं लागलं, “अहो, फ्रेम! फ्रेम तरी ठेवून जा!”

टाचणी हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. अंगाने किडकिडीत, आणि गोष्टीत कुठे काही सैल दिसलं की तिथे हमखास टोचणार, म्हणून स्टुडिओने तिला हे नाव दिलं होतं आणि तिनेही ते चालवून घेतलं होतं. अवकाशातल्या ‘टिटवी’ नावाच्या जहाजाची जी मालिका घरोघर बघितली जात होती, तिची ही मुख्य लेखिका. त्या मालिकेतलं सगळं तिने लिहिलं होतं. जहाजावरची ती तीन अक्षरं तेवढी तिची नव्हती, आणि नेमकी तीच तिच्या मानगुटीवर बसली होती.

ती आली कुठून, याची कथा स्टुडिओतल्या चार-पाच जणांनाच ठाऊक होती. पहिल्या वर्षी सुतारमामांनी प्लायवूड आणि नळ्यांचं खाटेएवढं जहाज बनवलं. हमाल ते उलटंपालटं ठेवतात म्हणून एका अंगाला त्यांनी खडूने लिहिलं ‘डा. बा. व.’, म्हणजे डावी बाजू वर. रंगाऱ्याला वाटलं, हे जहाजाच्या नावातलंच काहीतरी आहे. त्याने ती अक्षरं सावली-बिवली देऊन ऐटीत रंगवली आणि पुढे लिहिलं ‘टिटवी’. चूक लक्षात आली तोवर अर्धं चित्रण झालं होतं. दिग्दर्शक म्हणाला, “जाऊ द्या हो, कोण बघतंय?”

सगळ्यांनी बघितलं. पहिला भाग लागला आणि दुसऱ्या दिवसापासून जो तो विचारायला लागला, डा. बा. व. म्हणजे काय? बसमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, शाळांच्या मधल्या सुट्टीत पैजा लागू लागल्या. स्टुडिओने तोंडावर बोट ठेवलं. आता तोंड उघडून सांगणार तरी काय? इतकं शूर जहाज, आणि त्याच्या अंगावर लिहिलंय की मला उलटं ठेवू नका!

म्हणून तर टाचणी त्या दिवशी चष्मा न घेताच वडिलांकडे पळाली.

तिचे बाबा निवृत्त टग-कप्तान. टग म्हणजे बंदरातली ती बुटकी, दणकट बोट, जी स्वतःच्या दसपट जहाजांना ओढून धक्क्याला लावते. बाबांनी सगळी उमर जहाजांची नावं वाचण्यात घालवली होती. ती धापा टाकत आली तेव्हा ते गॅलरीत कुंडीतली माती मोकळी करत होते.

“बाबा, जहाजाच्या नावाआधी अक्षरं का लिहितात?”

“आधी पाणी पी.”

“पिते. तुम्ही सांगा.”

बाबांनी हात झटकले. “अगं, काही अक्षरं इंजिनाची जात सांगतात. वाफेवर चालतं की तेलावर. काही कामाची जात सांगतात. पण माझ्या मनाला विचारशील ना, तर मोठी अक्षरं ती, जी सांगतात की हे जहाज कुणाचं. अमक्या राजाचं, तमक्या देशाचं. धुक्यात समोरून जहाज आलं की आपण पहिल्यांदा काय विचारतो? नवं पोर अंगणात आलं की म्हातारी माणसं काय विचारतात? ‘कुणाचं गं तू?’ तेच. नाव नंतर. आधी कुणाचं ते कळलं, म्हणजे घाबरायचं की चहा टाकायचा ते ठरवता येतं.”

टाचणीने पाण्याचा पेला तोंडाला लावला होता तो तसाच राहिला. डाव्या बाहूची टिटवी. डाव्या बाहूतल्या कुणाची? ‘व’ कुणाचा?

“वस्त्या,” ती म्हणाली. मग ओरडली, “वस्त्या, बाबा! डाव्या बाहूच्या वस्त्यांची टिटवी!”

शेजारच्या गॅलरीतल्या काकूंनी डोकावून विचारलं, “काय झालं हो? लॉटरी लागली का?”

“त्याच्या वरचं लागलं!” टाचणी म्हणाली.

चॅनेलचे साहेब मोठ्या टेबलामागे बसायचे आणि खूश झाले की टेबलावर तबला वाजवायचे. डावा बाहू ऐकताच त्यांनी तबला वाजवला. वस्त्या ऐकल्यावर हात थांबले.

“वस्त्या? म्हणजे घरं? नळ, गटारं, शेजाऱ्यांची भांडणं?”

“माणसं राहतात तिथे जे जे असतं ते सगळं. त्या सगळ्यांनी मिळून पाठवलेलं जहाज.”

“टाचणी, पुढचा सबंध हंगाम लढाईचा आहे. व म्हणजे वज्र! डाव्या बाहूचं वज्र! ऐक कसं दणक्यात वाजतंय.” आणि पुन्हा तबला. “वर्धापनदिनाचा भाग आपण थेट दाखवतोय. सगळं शहर बघत असेल. कप्तानबाई छाती पुढे काढून सांगतील, ‘डाव्या बाहूचं वज्र!’ आणि धडाम्! पहिला तोफगोळा.”

टाचणीने पुष्कळ हुज्जत घातली. साहेबांनी ऐकून घेतलं, हसून घेतलं, आणि ‘व’चं वज्रच ठेवलं. लिहिणाऱ्याचा हात आणि चॅनेलचं डोकं, अशी वाटणी पहिल्यापासून ठरलेलीच. तिने दात-ओठ खात प्रवेश लिहिला. काळोखातून एक अनोळखी जहाज येतं, त्यातून आवाज येतो, ‘काय आहात तुम्ही?’ आणि कप्तान उत्तर देते. मग लढाई.

कप्तानबाईंनी रंगपटात तो कागद वाचला. या बाई पन्नाशीच्या, नाटकात मुरलेल्या. दूधवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळे त्यांना कप्तानबाईच म्हणत. कपाळाला रंग लावून घेता घेता त्या म्हणाल्या, “मला काय गं, तू लिहिशील ते मी बोलेन. पण वज्र म्हणायचं म्हटलं की मला उगाच दात दाखवावे लागतात. साहेबांकडे जायच्या आधी तू मला काय म्हणायला लावलं होतंस? वस्त्या. ते म्हणताना तोंड कसं आपोआप मोकळं होत होतं.”

“जाऊ द्या. त्याचं आता लोणचं घालायचंय का,” टाचणी म्हणाली.

वर्धापनदिनाच्या संध्याकाळी स्टुडिओत मुंगी शिरायला जागा नव्हती. समोर खुर्च्यांवर प्रेक्षक, त्यात दुसऱ्या रांगेत बाबा, इस्त्रीचा सदरा घालून. एका बाजूला टिटवीचा नियंत्रण कक्ष, लाल-हिरव्या दिव्यांचा. पडद्यामागे अनोळखी जहाजाचे शिपाई, चिलखत आणि मुखवटे चढवून घामाघूम झालेले. त्यांनी टिटवीचं दार फोडून आत घुसायचं होतं. धूर आणि स्फोट सांभाळणारा दोन्ही हात बटणांवर ठेवून तयार. वरच्या काचेच्या खोलीत साहेब, पाहुण्यांसोबत.

टाचणी आवाजाच्या खोलीत होती, कानसेनच्या शेजारी. कानसेन म्हणजे ध्वनीवाला. त्याला गाता येत नव्हतं, पण सुई पडली तरी कुठल्या कारखान्यातली ते सांगेल असा त्याचा कान. अनोळखी जहाजाचा आवाज त्याने आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. एका भारदस्त नटाचा, घुमणारा.

भाग सुरू झाला. पहिला अर्धा भाग लोण्यासारखा सरकला. प्रेक्षक हसायचे तिथे हसले, श्वास रोखायचा तिथे रोखला. मग पडद्यावर काळोखातून ते अनोळखी जहाज पुढे आलं, आणि कप्तानबाई खुर्चीतून सावकाश उठल्या.

“कानसेन, आवाज,” टाचणी कुजबुजली.

कानसेनने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. यंत्राने ‘खर्र’ केलं आणि गप्प बसलं.

“मेलो!” कानसेन म्हणाला. “यंत्र बसलं.”

बाहेर शांतता. कप्तानबाई पडद्याकडे बघत होत्या. जातिवंत नटी, त्यांनी शांततेचाही अभिनय केला, पण तो किती ताणणार? दिग्दर्शकाचा आवाज कानातल्या यंत्रातून किंचाळला, “आवाज कुठाय? आवाज!”

कानसेनने समोरचा माइक ओढला आणि टाचणीच्या तोंडासमोर धरला. “तू बोल. घुमवायचं माझ्याकडे लागलं.”

“मी?”

“तूच लिहिलंयस ना! बोल!”

ती माइकजवळ वाकली, आणि तिचा स्वतःचा आवाज विहिरीतून यावा तसा स्टुडिओभर घुमला. “थांबा. पुढे येऊ नका. नाव सांगा.”

कप्तानबाईंच्या भुवया किंचित उचलल्या. त्यांनी आवाज ओळखला होता. “टिटवी,” त्या म्हणाल्या.

आता कागदावरचं पुढचं वाक्य होतं, ‘काय आहात तुम्ही?’ टाचणीला ते तोंडपाठ होतं. तिने म्हणायला तोंड उघडलंही. पण समोर काचेपलीकडे तो काळोख, ते परकं जहाज, त्यात ती स्वतः बसलेली, आणि समोरून ‘टिटवी’ हे अनोळखी नाव आलेलं. अशा वेळी माणूस ‘काय आहात’ असं विचारतो का कधी? तिच्या तोंडून निघालं, “टिटवी? कुणाची टिटवी?”

दुसऱ्या रांगेत बाबा सरसावून बसले.

कप्तानबाईंनी उत्तरासाठी श्वास घेतला आणि त्या अडकल्या. टाचणीला ते अडकणं इथून दिसलं. ‘कुणाची’ या प्रश्नाला ‘डाव्या बाहूचं वज्र’ हे उत्तर बसतच नव्हतं. उखळात पोळपाट घालावा तसं ते आडवं येत होतं. तीस वर्षं मराठी वाक्यं जिभेवर घोळवलेली बाई, तिचा कान असलं वाकडं उत्तर द्यायला तयार होईना.

“डाव्या बाहूच्या…” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. सगळा स्टुडिओ थांबला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. “वस्त्यांची. डाव्या बाहूच्या वस्त्यांची टिटवी. जिथे जिथे संध्याकाळी कुणी दिवा लावतं, त्या सगळ्यांची.”

खुर्च्यांतून ‘हां!’ असा एक मोठा आवाज उठला, जसा कुलूप उघडल्यावर घरातल्या सगळ्यांच्या तोंडून निघतो. कुणीतरी ओरडलं, “डा! बा! व!” आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

वरच्या काचेला साहेबांचं नाक चिकटलं होतं.

“आता काय?” कानसेनने विचारलं. त्याचे डोळे लाडवाएवढे झाले होते. “पुढे तर ‘सज्ज व्हा’ आहे. ते म्हटलंस की स्फोट होतील.”

स्फोटवाल्याची बोटं बटणांवरच होती. त्याला इशाऱ्याचे दोनच शब्द ठाऊक होते. पण टाचणीला कळून चुकलं, की जी टिटवी दिवे लावणाऱ्यांची म्हणून समोर उभी आहे, तिच्यावर तोफ डागायला आता कारणच उरलं नाही. मग हे परके लोक इतक्या लांबून आले कशाला? तिने डोळे मिटले. आणि ते कशाला आले ते तिला दिसलं.

“वस्त्यांची,” तिचा आवाज घुमला, आता जरा खाली आलेला. “मग… तिथे आम्हाला जागा आहे का? आमची वस्ती राहिली नाही.”

हे कागदावर नव्हतं. कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. दिग्दर्शक कानातल्या यंत्रातून, “हे काय चाललंय? काय चाललंय हे?” असं दोनदा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा म्हणाला, “चालू ठेवा! कुणी काही थांबवू नका!”

कप्तानबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. “आहे,” त्या म्हणाल्या. “दाटीवाटी होईल. थोडी कुरकुरही होईल, आधीच सांगते. पण आहे. दार उघडतोय, या.”

दार उघडलं. पडद्यामागच्या शिपायांना दार फोडायचं तेवढं शिकवलं होतं. उघडं दार बघून ते बावचळले. पहिला शिपाई बंदूक रोखून आत आला. समोर कप्तानबाई दोन्ही हात पसरून उभ्या. त्याने बंदुकीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि गडबडून बंदूक दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवली. दुसऱ्याने तेच केलं. मग तिसऱ्याने, चौथ्याने. थोड्या वेळात दाराबाहेर बंदुकांची अशी रांग लागली, जशी पाहुणे आल्यावर चपलांची लागते. एकाने मुखवटा काढला. आत घामेजलेला, विशीतला एक मुलगा होता. तो मनापासून म्हणाला, “थोडं पाणी मिळेल का?”

त्याला खरंच तहान लागली होती. टिटवीच्या इंजिनवाल्याने त्याला पाणी दिलं. तो घटाघटा प्यायला, आणि प्रेक्षकांत कितीतरी जण हसता हसता डोळे पुसायला लागले. स्फोटवाल्याला राहवलं नाही. त्याने सगळ्यात लहान बटण दाबून थोडासा पांढरा धूर सोडला. तोही छान दिसला.

भाग संपला तेव्हा लोक उभे होते. कानसेनने तिच्या पाठीवर अशी थाप मारली की ती माइकवर आपटली आणि तिचं ‘आई गं!’ सगळ्या स्टुडिओत घुमलं. सुदैवाने तोवर प्रक्षेपण थांबलं होतं.

साहेब जिन्यावरून खाली आले. चेहरा टोमॅटोसारखा.

“लढाईचा हंगाम गेला बोंबलत,” ते म्हणाले. “तोफांची खेळणी बनवायला घातलीत मी! आता पुढे काय दाखवायचं लोकांना? घरं?”

“हो, साहेब. घरं. हे नवे आलेले कुठे राहणार, कुणाशी पटणार, कुणाशी बिनसणार. टिटवीला क्षणाची उसंत मिळणार नाही बघा.”

“मुद्दाम केलंस?”

टाचणीने खरं तेच सांगितलं. “पहिला प्रश्न तोंडून निसटला. दुसरा मुद्दाम.”

साहेबांनी जिन्यावरून वर नजर टाकली. वरच्या खोलीत टेलिफोन एकामागून एक वाजत होते, ते इथवर ऐकू येत होते. “पुढच्या भागात लेखिका म्हणून तुझं नाव दाखवणार नाही,” ते म्हणाले. “कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायला हवं, नाहीतर उद्या जो तो माइक धरून बसेल. आणि आठवड्याभरात नव्या हंगामाचा आराखडा माझ्या टेबलावर पाहिजे. जमला नाही, तर पुन्हा वज्र.” चार पावलं जाऊन ते वळले. “त्या पाणी मागणाऱ्या पोराला ठेव. चांगला आहे.” आणि जाता जाता जिन्याच्या कठड्यावर त्यांची बोटं तबला वाजवत गेली.

कप्तानबाई रंग न पुसताच आल्या आणि टाचणीला कडकडून मिठी मारली. अर्धा रंग टाचणीच्या गालाला लागला. “भवाने,” त्या म्हणाल्या, “आधी सांगितलं असतंस तर मी पाठ तरी केलं असतं!”

“मलाच कुठे ठाऊक होतं!”

दोघी फाटकाकडे निघाल्या. बाबा तिथे आधीच उभे होते, आणि त्यांच्याभोवती ही गर्दी. घरी बसून भाग बघितलेले लोकही चपला पायात सरकवून आले होते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई नवऱ्याचा दंड धरून त्याला सगळ्यांसमोर ऐकवत होत्या, “डावा बाहू कुणी म्हटलं होतं? बोला! कुणी म्हटलं होतं?”

“तू, बाई, तू,” नवरा म्हणाला. “पण डागडुजीही निघणारच बघ आता, एवढी माणसं राहायला आल्यावर.”

टाचणी दिसताच सगळे एकदम तिच्याकडे वळले. कडेवर मूल घेतलेली एक बाई वाट काढत पुढे आली.

“ताई, त्या लोकांना राहायला कुठे देणार हो? आधीच्या वस्त्यांत पाणी पुरेल का?”

टाचणीने बाबांकडे बघितलं, कप्तानबाईंकडे बघितलं. तिला काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं, आणि इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

“अजून ठरवलं नाही,” ती म्हणाली. “तुम्ही असता तर कुठे दिलं असतंत?”

“मी असते तर…” ती बाई म्हणाली आणि मूल दुसऱ्या कडेवर घेऊन विचारात पडली. तेवढ्यात मागून एक म्हातारा म्हणाला, “पाण्याचं मी सांगतो!” आणि डॉक्टरीणबाईंचा नवरा म्हणाला, “आधी छपराचं बघा!” आणि मग फाटकापाशी सगळेच्या सगळे एकदम बोलायला लागले.